वॉशिंग्टनचे दात

जॉर्ज वॉशिंग्टनला लाकडी दात होते, ही गोष्ट अमेरिकेतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. ती खरी नाही. ३० एप्रिल १७८९ रोजी त्यानं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाकीचं काम कवळ्यांवर चाले. या कवळ्या पाणघोड्याच्या सुळ्यांतून कोरलेल्या असत. शिसं, सोन्याची तार, पितळेचे स्क्रू असा सगळा लवाजमा त्यांत असे. आणि माणसांचे दातही असत.

माणसांचे म्हणजे कुणाचे? वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्याच्या हिशेबवहीत मे १७८४ची एक नोंद आहे. नऊ दातांसाठी काळ्या गुलामांना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची. सोबत एका फ्रेंच दंतवैद्याचं नाव आहे. ते दात पुढे वॉशिंग्टनच्याच कवळीत बसले की आणखी कुठे गेले, ते वही सांगत नाही. पण मालकाच्या घरच्या वहीत ही खरेदी आहे, एवढं उघड आहे.

ही सगळी हकिकत कुठल्या बंडखोर इतिहासकाराच्या पुस्तकात शोधावी लागत नाही. ती माउंट व्हर्ननच्या अधिकृत वेबसाइटवर आहे, शाळकरी मुलालाही वाचता येईल अशा भाषेत. हे घर सरकारच्या मालकीचं नाही. मोडकळीला आलेली ही वास्तू १८५८ साली महिलांच्या एका संस्थेनं वर्गणी गोळा करून विकत घेण्याचा करार केला आणि आजही तीच संस्था ती सांभाळते. स्थापनाच मुळी वॉशिंग्टनच्या भक्तीतून झालेली. अशा संस्थेनं आपल्याच दैवताच्या तोंडातले दात मुलांसमोर काढून ठेवावेत, आणि वॉशिंग्टन वारला त्या वर्षी, १७९९ साली, या मळ्यावर ३१७ गुलाम होते हेही सांगावं, याला धैर्य लागतं. मुलांसाठी थोरामोठ्यांची माहिती देणाऱ्या वेबसाइटी आज ढिगानं आहेत. त्यांतली कामाची कोणती आणि वरवरची कोणती, हे ओळखायचं असेल तर त्या अशा अडचणीच्या जागी काय करतात ते पाहावं.

वॉशिंग्टनची दुसरी गोष्ट चेरीच्या झाडाची. लहान जॉर्जनं नव्या कुऱ्हाडीनं वडिलांचं लाडकं झाड तोडलं आणि विचारल्यावर खोटं न बोलता कबूल केलं. ही गोष्ट मेसन लॉक वीम्स नावाच्या पाद्री-पुस्तकविक्याची. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर लगोलग, १८०० साली त्यानं चरित्र बाजारात आणलं. ते धो धो खपलं. चेरीचं झाड मात्र त्यात नव्हतं. ते उगवलं १८०६च्या पाचव्या आवृत्तीत. तिथून ते शालेय वाचनमालांत शिरलं आणि शतकभर हललं नाही.

१९३९ साली ग्रँट वुड या चित्रकारानं या प्रसंगाचं एक खट्याळ चित्र काढलं. चित्रात वीम्स स्वतः पुढे उभा राहून पडदा बाजूला सारतो आहे, आणि पडद्यामागे कुऱ्हाड घेतलेला सहा वर्षांचा जॉर्ज. त्याच्या पोरसवदा धडावर डोकं आहे ते डॉलरच्या नोटेवरच्या म्हाताऱ्या वॉशिंग्टनचं! मागे, लांबवर, दोन काळी माणसं दुसऱ्या एका झाडाची चेरी तोडताहेत. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात हे चित्र आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर ते नुसतं ठेवलं आणि ‘इथं विचित्र काय दिसतं?’ एवढं विचारलं, तर चरित्रं कशी रचली जातात यावर वेगळा धडा घ्यावा लागणार नाही. आपल्याकडे दर १ ऑगस्टला लोकमान्यांच्या शेंगांची टरफलं शाळाशाळांतून निघतात. त्या गोष्टीचा आधार कोणता, ती पहिल्यांदा कुणी लिहिली, हे सांगणारं भाषण मी अजून ऐकलेलं नाही.

मुलांच्या वेबसाइटींचा सगळ्यात रुळलेला साचा म्हणजे चौकट. जन्म अमुक, मृत्यू तमुक, कशासाठी प्रसिद्ध, चार परिच्छेद, पाच गमतीदार गोष्टी, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. अशी पानं जाहिरातींवर चालतात, शोधयंत्रात वर येतात आणि रात्री साडेनऊला प्रकल्प आठवलेल्या मुलाला वाचवतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यांत आइन्स्टाइन गणितात नापास झालेला असतो, नेपोलियन बुटका असतो आणि कोलंबस पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध करायला निघालेला असतो. तिन्ही गोष्टी चूक. आइन्स्टाइन पंधरा वर्षांचा होण्याआधी कलन शिकला होता. नेपोलियन त्याच्या काळच्या सर्वसाधारण फ्रेंच माणसाएवढाच उंच होता. कोलंबसची सपाट पृथ्वी लोकप्रिय केली ती वॉशिंग्टन अर्व्हिंग या कथालेखकानं, १८२८ साली लिहिलेल्या चरित्रातून. गमतीदार गोष्टी एका पानावरून दुसऱ्यावर नकलल्या जातात, आणि जेवढ्या जास्त ठिकाणी दिसतात तेवढ्या खऱ्या वाटू लागतात.

दुसरा मार्ग असतो मुलाच्या हातात वस्तूच देण्याचा. इंटरनेट घरोघर पोचायच्या आधी, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयानं लिओनार्दो दा विंचीवर काही पानं तयार केली होती. दिसायला साधी. चित्रं बारकी, कारण टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जोडणीला मोठी झेपत नसत. पण त्यांत एक करामत होती. लिओनार्दोनं रेखाटलेल्या यंत्रांची चित्रं दाखवून मुलांना विचारलं होतं की हे यंत्र कशासाठी असेल? दुसऱ्या भागात यंत्राचे मूळ घटक दाखवले होते, तरफ, चाक, कप्पी, दाते, आणि घरातल्या वस्तूंत ते शोधायला सांगितलं होतं. तिसऱ्या भागात त्याच्या उलट्या अक्षराची गोष्ट होती.

लिओनार्दो डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावं लागेल असं लिहीत असे. चौकटवाल्या पानांवर याचं एका वाक्यात उत्तर मिळतं: शोध चोरीला जाऊ नयेत म्हणून गुप्त लिपी. बॉस्टनच्या पानानं तसं न सांगता मुलाला स्वतः उलटं लिहून बघायला लावलं. डावखुऱ्या मुलाला तर ते लगेच कळतं. डावीकडून लिहिताना हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अक्षर फराटतं, उलटं लिहिलं तर हात कोरड्या कागदावरून जातो. शिवाय आरसा धरला की वाचता येणारी लिपी गुप्त कसली? तज्ज्ञही आज सर्वसाधारणपणे सोयीच्या बाजूनंच झुकतात. पण इथं महत्त्वाचं ते असं, की उत्तराकडे मुलगा आपल्या हातानं पोचतो.

त्यानंतर इंटरनेटचा वेग वाढला आणि खुद्द वह्याच पडद्यावर आल्या. लिओनार्दोची सात हजारांवर पानं शिल्लक आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली अरुंडेल वही, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या फॉर्स्टर वह्या, मिलानमधली प्रचंड अटलांटिकस वही, सगळं घरबसल्या चाळता येतं. ब्रिटिश लायब्ररीनं पानं उलटण्याची जी सोय केली होती, तीत मजकूर आरशातल्यासारखा फिरवून वाचण्याचंही बटण होतं. या वह्यांत ‘महान चित्रकार’ फारसा सापडत नाही. सापडतो तो खर्चाचे आकडे टिपणारा, पाण्याचे भोवरे पुन्हा पुन्हा काढणारा, सुतारपक्ष्याच्या जिभेचं वर्णन करायचं आहे अशी स्वतःलाच आठवण करून देणारा माणूस. मुलांना हा माणूस ओळखीचा वाटतो, कारण त्यांच्याही वह्या अशाच असतात.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या बाबतीत हे काम २००९ साली झालं. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयानं आणि नेदरलँड्समधल्या हायगन्स संस्थेनं त्याचा सगळा उपलब्ध पत्रव्यवहार विनामूल्य खुला केला. पत्रं ९०२. त्यांतली ८१९ व्हिन्सेंटनं लिहिलेली, ८३ त्याला आलेली. मूळ पानाचं छायाचित्र, मजकूर, इंग्रजी भाषांतर, टिपा. ही वेबसाइट मुलांसाठी केलेली नाही. तरी मुलांसाठी केलेल्या कित्येकींपेक्षा ती मुलांच्या जास्त उपयोगाची आहे, कारण पत्रांत मधेच रेखाटनं येतात. आज हे चित्र काढलं, त्यात इथं पिवळा, इथं निळा, असं तो भावाला दाखवतो. वाचता येत नसलं तरी बघता येतं.

आणि याच पत्रांमुळे आणखी एक लाडकी गोष्ट डळमळते. हयातभरात व्हिन्सेंटचं एकच चित्र विकलं गेलं, असं जवळपास प्रत्येक बालपानावर असतं. ते चित्र म्हणजे ‘लाल द्राक्षमळा’. १८९०च्या सुरुवातीला, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी, अ‍ॅना बोक या बेल्जियन चित्रकर्तीनं ते ४०० फ्रँकना घेतलं, हे खरं. पण १८८२ सालीच त्याच्या कोर काकानं हेग शहराच्या बारा दृश्यांची रेखाटनं पैसे देऊन मागवली होती, हे पत्रांत आहे. म्हणजे ‘एकच’ हा शब्द टिकत नाही. गरिबी खरी, उपेक्षा बरीचशी खरी. पण पूर्ण उपेक्षित प्रतिभावंत हा आपल्याला आवडणारा नमुना आहे, म्हणून काकाची बारा रेखाटनं आपण गाळतो. कानाचा प्रसंग आणि शेवट मुलांना किती सांगायचा, हा प्रश्न याहून अवघड आहे. बहुतेक पानं तिथं ‘तो फार आजारी होता’ म्हणून पुढे सरकतात. सात वर्षांच्या मुलासाठी मला ते मान्य आहे. तेरा वर्षांच्या मुलासाठी नाही, त्याला बाकीचं तसंही दोन क्लिकवर मिळतं.

इथपर्यंतच्या चुका प्रेमापोटी किंवा आळसापोटी झालेल्या. जाणूनबुजून लावलेला सापळाही असतो. १९९९च्या सुमारास डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पूर्ण नावाचाच पत्ता असलेली एक वेबसाइट सुरू झाली. पत्त्याच्या शेवटी ‘ऑर्ग’, म्हणजे एखादी संस्था असावी असा समज. विद्यार्थ्यांना उद्देशून आवाहन, प्रश्नमंजूषा, शाळेत वाटायला छापून घेता येतील अशी पत्रकं. किंगविषयी निबंध लिहायला बसलेलं मूल नाव टाइप करी आणि शोधाच्या पहिल्या काही निकालांत हे पान समोर येई. आत मात्र किंग यांची बदनामी, त्यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी रद्द करण्याची मागणी, आणि आणखी आत गेलं की उघड वंशद्वेष. ही वेबसाइट स्टॉर्मफ्रंट या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मंडळींची होती. त्यांचा म्होरक्या डॉन ब्लॅक हा पूर्वी कू क्लक्स क्लॅनचा पुढारी. किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या अटलांटातल्या किंग सेंटरशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

कायद्यानं ती बंद करता आली नाही. जवळपास दोन दशकं ती चालली. पण अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांनी एक हुशारी केली. ते हेच पान वर्गात उघडत. मुलांना वाचू देत. मग विचारत, हे कुणी लिहिलं? मुलं वर शोधत, मजकुरात शोधत. उत्तर असे पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, स्टॉर्मफ्रंटचं नाव. वेबसाइट वाचायला सुरुवात तळापासून करावी, ही सवय त्या एका पानानं हजारो मुलांना लावली असेल.

तीच कसोटी आपल्याकडे लावून बघण्यासारखी आहे. गांधीजींविषयी मुलांनी काही शोधलं तर ‘एमकेगांधी’ या नावाची वेबसाइट हमखास भेटते. तिच्यामागे कोण, तर मुंबई सर्वोदय मंडळ, ताडदेवला कार्यालय असलेली गांधीविचारांची जुनी संस्था. म्हणजे आपुलकीचा झुकाव तिथं असणार हे धरून चालावं, पण घर कुणाचं ते माहीत आहे. त्यापुढे साबरमती आश्रमानं २०१३ साली खुलं केलेलं गांधी हेरिटेज पोर्टल आहे. त्यावर गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतले शंभर खंड आहेत. सुविचाराच्या फळ्यावर लिहिलेलं गांधीजींचं वाक्य त्यांत शोधून बघायला मुलांना सांगावं. बरीच वाक्यं सापडत नाहीत.

थोर माणसं पडद्यावर यायची कशी, याला आणखी एक दार आहे आणि त्याची किल्ली वकिलांकडे असते. मुलांच्या कलाविषयक पानांवर लिओनार्दो, व्हॅन गॉग, मोने यांचीच गर्दी का? ते थोर आहेतच, पण फुकटही आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं फेब्रुवारी २०१७मध्ये आपल्या संग्रहातल्या पावणेचार लाख वस्तूंची छायाचित्रं कुणीही, कशालाही वापरावीत म्हणून मोकळी केली. पण फक्त स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची. पिकासो १९७३ साली वारला. युरोपात मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४३ संपेपर्यंत त्याची चित्रं मुलांच्या पानावर लावायची तर परवानगी आणि बहुधा पैसे. भारतात मुदत साठ वर्षांची. अमृता शेरगिल १९४१ साली गेली, तिची चित्रं मोकळी झाली. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, पण २०११ साली वारले. तेव्हा पंढरपूरच्या एखाद्या शिक्षिकेला गावच्या चित्रकारावर मुलांसाठी सचित्र पान करायचं झालं, तर २०७१ संपायची वाट पाहावी लागेल, किंवा वारसांना पत्र लिहावं लागेल. हुसेन यांच्या घोड्यांऐवजी मुलांना सूर्यफुलंच पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचं हे एक कारण.

चित्रं मोकळी असली तरी पान टिकेल याची खात्री नाही. वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टनं मुलांसाठी ‘आर्ट झोन’ नावाचा देखणा विभाग केला होता. त्यातल्या एका खेळात आँरी रूसोच्या चित्रांसारखं जंगल रचता येई. पानं मोठी करा, माकड फांदीवर ठेवा, आभाळाचा रंग बदला. रूसो आयुष्यात कधी जंगलात गेला नाही. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात फिरून त्यानं आपली जंगलं जमवली. आणि इथं मूल नेमकं तेच करत होतं, तुकडे जमवून जंगल. याहून चांगलं रूसोचं चरित्र मी तरी वाचलेलं नाही.

असे बहुतेक खेळ फ्लॅश या तंत्रावर चालत. आयफोनवर फ्लॅश का चालणार नाही, हे स्टीव्ह जॉब्सनं एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं. २०१७ साली अडोबी कंपनीनं फ्लॅशचा गाशा गुंडाळण्याची तारीख दिली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तो गुंडाळला. जगभरातल्या संग्रहालयांनी वीस वर्षं खपून केलेले खेळ एकदम गारठले. इंटरनेट आर्काइव्हनं आणि काही हौशी मंडळींनी त्यातले पुष्कळ उचलून जपले, ते जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रणालीवर अजून चालतात. बाकीचे गेले. बॉस्टनची ती साधी, बारक्या चित्रांची पानं अशा झगमगाटापेक्षा जास्त टिकाऊ निघाली, कारण त्यांत बहुतांशी अक्षरं आणि चित्रंच होती. ज्यांना मराठीत असं काही करायचं आहे त्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मराठीत काय आहे, असा प्रश्न येतोच. युरोपात मुलांसाठी वेगळे ज्ञानकोश आहेत आणि ते तिथल्या स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत. फ्रेंचमध्ये विकिदिया आणि डचमध्ये विकिकिड्स, दोन्ही २००६ सालचे. जर्मनमध्ये २०१४ पासून क्लेक्सिकॉन. त्यात लेख आधी मसुदा म्हणून लिहितात, तो इतरांनी तपासला की मगच पुढे येतो. पण मला सगळ्यात हेवा वाटतो तो बास्क भाषेचा. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर दहा लाखांहून कमी माणसं ती बोलतात. २०१८ पासून बास्क विकिपीडियातच ‘चिकिपेदिया’ आहे. मोठ्यांच्या लेखाच्या माथ्यावर एक कळ, ती दाबली की त्याच विषयावरचा आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेला लेख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. अशी कळ त्यात नाही.

अगदीच रिकामं आहे असं मात्र नाही. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक पडद्यावर वाचता येतात. त्यात चित्रकार, शास्त्रज्ञ, गायक यांच्यावर चांगल्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं पुष्कळ आहे. फक्त ते अंकांच्या पोटात आहे. नावानं शोधणाऱ्या मुलापर्यंत ते पोचत नाही.

सुरुवात कुठून करावी असं मला कुणी विचारलं तर मी मसूरचं नाव घेईन. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली चार मुलं या रेल्वे स्थानकावर उतरली. नवे कपडे घातलेली, वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. चौघांतला एक भीमराव आंबेडकर. आपण महार आहोत हे त्या मुलानं भोळेपणानं सांगितलं आणि स्टेशनमास्तरचा नूर पालटला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर राजी झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार, या अटीवर. डब्यात भरपूर जेवण होतं. वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून मुलं तशीच उपाशी झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात ते आहे, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वेबसाइटवर फ्रान्सिस प्रिचेट या प्राध्यापक बाईंनी ते विद्यार्थ्यांसाठी नीट मांडून ठेवलं आहे. बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ सालच्या ‘भीमायन’मध्ये हा प्रवास चितारला आहे.

म्हणजे साहित्य सगळं तयार आहे. नायक दहा वर्षांचा, हकिकत त्याच्याच शब्दांत, जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी. हवं आहे ते मराठी पान. डावीकडे साताऱ्याहून मसूर, मसूरहून गोरेगाव असा रेल्वेचा आणि गाडीवाटेचा नकाशा, उजवीकडे सोप्या मराठीत पण काही न गाळता हकिकत, मधे परवानगी काढून घेतलेलं व्यामांचं एखादं चित्र, तळाशी पान कुणी केलं त्यांची नावं. खाली मुलांसाठी एक प्रश्न: दुप्पट पैसे घेऊनही गाडीवान सुरुवातीला गाडीत का बसला नाही? आणि त्या प्रश्नाखाली अ, ब, क, ड असे पर्याय नकोत. उत्तर लिहायला रिकामी जागा हवी, चांगली ऐसपैस.